चेहरा आणि मत : सिनेटर एडवर्ड ब्रुक यांची नोंद

१९६६ साली अमेरिकेत थोड्या दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातून एडवर्ड ब्रुक हे कृष्णवर्णीय वकील सिनेटवर निवडून गेले. पहिली घटना आपल्या चळवळीने आपलीशी केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावही तिथूनच घेतले. दुसऱ्या घटनेकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. त्याला कारणही होते. ब्रुक हे रिपब्लिकन पक्षाचे, बोलण्यात संयमी आणि ब्लॅक पॉवरच्या घोषणेपासून कटाक्षाने दूर राहणारे. विद्रोहाच्या भाषेत त्यांना जागा नव्हती.

आज त्यांच्याविषयी लिहावे असे मला वाटते ते त्यांचा गौरव करण्यासाठी नव्हे. आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात एक प्रश्न हमखास निघतो : राखीव जागेवरून निवडून गेलेला माणूस आपला की त्याच्या पक्षाचा? हा प्रश्न आपण संतापाने विचारतो आणि त्याचे उत्तरही संतापानेच देतो. पुरावा मागितला की भाषणे, पोशाख, जयंतीच्या दिवशी घातलेले हार यांच्याकडे बोट दाखवितो. ब्रुक यांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर कागदावर सापडते. बारा वर्षांत त्यांनी कोणत्या ठरावावर कोणत्या बाजूने मत दिले हे नावानिशी नोंदलेले आहे. ती नोंद कशी वाचावी आणि वाचून काय शिकावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम सिनेट म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकेच्या संसदेची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येच्या प्रमाणात जागा असतात. सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो की मोठे, प्रत्येकाला दोनच जागा. आज राज्ये ५० आणि सिनेटर १०० आहेत. मुदत सहा वर्षांची. आपल्या राज्यसभेशी तिची तुलना नेहमी केली जाते, पण राज्यसभेचे बहुतेक सभासद आमदार निवडतात, तर १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून सिनेटरांना राज्यातील जनता थेट निवडते. १९१३ पूर्वी तिथेही ही निवड राज्याच्या विधिमंडळाकडेच होती.

हा तपशील कोरडा वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. ब्रुक यांच्याआधी सिनेटमध्ये दोनच कृष्णवर्णीय बसले होते. हायरम रेव्हेल्स १८७० ते ७१ मध्ये आणि ब्लांश ब्रूस १८७५ ते ८१ मध्ये. दोघेही मिसिसिपी राज्याचे आणि दोघांनाही विधिमंडळाने निवडलेले. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना मताधिकार मिळाला होता आणि मिसिसिपीत त्यांचीच संख्या जास्त होती. पुढे गोऱ्या सत्तेने दहशतीने आणि १८९० च्या राज्यघटनेतील अटींनी तो मताधिकार हिरावून घेतला. ब्रूस यांची मुदत १८८१ मध्ये संपली. त्यानंतर ब्रुक यांनी जानेवारी १९६७ मध्ये शपथ घेईपर्यंत जवळजवळ ८६ वर्षे त्या सभागृहात एकही कृष्णवर्णीय नव्हता.

ब्रुक यांचा जन्म १९१९ मध्ये वॉशिंग्टन शहरात झाला. वडील सरकारी नोकरीतले वकील. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठातून ते १९४१ मध्ये पदवीधर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या आघाडीवर लढले, पण केवळ कृष्णवर्णीय सैनिकांच्या वेगळ्या ठेवलेल्या पलटणीत. हुकूमशाहीविरुद्ध लढायला निघालेल्या त्या सैन्यात रंगाची भिंत शाबूत होती. युद्धानंतर बॉस्टनला त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. १९५० आणि १९५२ मध्ये राज्याच्या विधिमंडळासाठी उभे राहून ते पडले. १९६० मध्ये राज्याच्या सचिवपदासाठी लढून पुन्हा पडले. १९६२ मध्ये मात्र ते राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य विधी अधिकारी, म्हणून निवडून आले.

या १९६२ च्या विजयात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांच्यासमोर इलियट रिचर्डसन होते. ते बॉस्टनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यातले, प्रस्थापितांच्या वर्तुळातले. अमेरिकेत उमेदवार कोण हे दिल्लीसारख्या एखाद्या राजधानीत बसलेले पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत. पक्षाचे मतदार प्राथमिक निवडणुकीत मत देऊन ठरवितात. ब्रुक यांनी रिचर्डसन यांना हरविले आणि मग खरी निवडणूक जिंकली. त्यांचे तिकीट कोणी ‘दिलेले’ नव्हते, म्हणून ते कोणाला काढूनही घेता येत नव्हते. पुढच्या सगळ्या नोंदीची ही पहिली किल्ली आहे.

१९६६ मध्ये त्यांनी राज्याचे माजी गव्हर्नर एंडिकॉट पीबडी यांचा पराभव केला. सुमारे ६१ टक्के मते त्यांना मिळाली. त्या वेळी मॅसॅच्युसेट्समध्ये कृष्णवर्णीयांची लोकसंख्या तीन टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णवांच्या भरवशावर निवडून गेलेला हा माणूस. आपल्याकडील संयुक्त मतदारसंघाचेच हे टोकाचे रूप आणि तेही राखीव जागेशिवाय. बाबासाहेबांनी ज्या शंकेपोटी स्वतंत्र मतदारसंघ मागितले ती शंका इथे पूर्ण लागू पडते : ज्याची खुर्ची दुसऱ्यांच्या मतांवर उभी आहे तो आपल्या माणसांसाठी कितपत उभा राहील?

प्रचारातही ब्रुक यांनी आपण कृष्णवर्णीयांचे नेते म्हणून नव्हे तर राज्याचे प्रतिनिधी म्हणून जात आहोत हे स्पष्ट केले होते. ॲटर्नी जनरल असताना, १९६४ मध्ये, बॉस्टनच्या शाळांतील वंशभेदाविरुद्ध मुलांच्या शाळा-बहिष्काराची हाक दिली गेली तेव्हा मुलांनी शाळेत जाणे कायद्याने बंधनकारक आहे असे मत त्यांनी दिले आणि चळवळीचा रोष ओढवून घेतला. केवळ भाषणे आणि भूमिका पाहिल्या असत्या तर आपण त्यांना तेव्हाच ‘त्यांचा माणूस’ म्हणून मोडीत काढले असते. आता मतांची नोंद उघडू.

१९६८ चा घरांबाबतचा कायदा. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, रंग, धर्म यांवरून भेद करण्यास बंदी घालणारा हा मसुदा ब्रुक यांनी मिनेसोटाचे डेमोक्रॅट सिनेटर वॉल्टर माँडेल यांच्याबरोबर मांडला. जागा शोधताना आडनाव विचारले जाते हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या कायद्याचे मोल सांगायला नको. चर्चेत ब्रुक यांनी स्वतःचा अनुभव सांगितला : युद्धावरून परतल्यावर रंगामुळे त्यांना आपल्या पसंतीच्या वस्तीत घर मिळाले नव्हते. पण सिनेटमध्ये कायदा अडविण्याचे एक जुने शस्त्र आहे. विरोधकांनी बोलतच राहायचे आणि मतदान होऊच द्यायचे नाही. त्याला फिलिबस्टर म्हणतात. चर्चा बंद करायची तर त्या काळी हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मते लागत. तीन वेळा प्रयत्न फसला. चौथ्या वेळी, ४ मार्च १९६८ रोजी, बाजूने ६५ आणि विरोधात ३२ मते पडली. एकूण ९७ मतांचे दोन-तृतीयांश म्हणजे ६५ च. यातले एक मत जरी पलीकडे गेले असते तरी ठराव पडला असता. ११ मार्चला सिनेटने मसुदा ७१ विरुद्ध २० मतांनी मंजूर केला. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, शहरे पेटली, १० एप्रिलला प्रतिनिधिगृहाने मान्यता दिली आणि ११ एप्रिलला कायदा झाला.

याचे श्रेय एकट्या ब्रुक यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. रस्त्यावरची चळवळ आणि किंग यांचे रक्त नसते तर तो मसुदा सभागृहातच कुजला असता. शिवाय तडजोडीत कायद्याचे दात काढून घेतले गेले. तक्रार आली तर सरकारी खात्याने समेट घडवून आणायचा, शिक्षा करण्याचा अधिकार त्याला नव्हता. ती उणीव १९८८ च्या दुरुस्तीने काही अंशी भरून निघाली. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. रस्त्यावरच्या संतापाचे कायद्यात रूपांतर होण्यासाठी आत कोणीतरी मसुदा हातात घेऊन बसलेला असावा लागतो.

१९६९ मध्ये त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ब्रुक दुरुस्ती झाली. सरकारी वसाहतींत राहणाऱ्या गरिबांकडून त्यांच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडे घेऊ नये, अशी ती तरतूद. १९८१ मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवर नेण्यात आली. दुरुस्तीमुळे भाडेकरूंना दिलासा मिळाला, पण स्थानिक गृहनिर्माण संस्थांचे उत्पन्न घटले आणि केंद्राकडून भरपाई वेळेवर न आल्याने इमारतींच्या दुरुस्त्या रखडल्या. चांगल्या कायद्याबरोबर पैशाची तरतूद नसेल तर काय होते, हेही नोंदीत वाचायला मिळते.

आता खरी कसोटी. रिचर्ड निक्सन हे ब्रुक यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष. सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांनी क्लेमंट हेन्सवर्थ यांचे नाव पाठविले. नागरी हक्कांच्या आणि कामगारांच्या संघटनांचा त्यांना विरोध होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनेटने ते नाव ४५ विरुद्ध ५५ मतांनी फेटाळले. मग निक्सन यांनी हॅरल्ड कार्सवेल यांचे नाव पाठविले. या गृहस्थांनी १९४८ मध्ये एका प्रचारसभेत गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वावर आपला विश्वास असल्याचे जाहीर सांगितले होते. एप्रिल १९७० मध्ये तेही नाव ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडले. दोन्ही वेळा ब्रुक यांनी आपल्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत दिले. कार्सवेल यांच्या वेळी तर विरोधकांच्या आघाडीवर ते होते. पक्षातून बाहेर पडण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही, जागाही गेली नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये वॉटरगेट प्रकरणी निक्सन यांचा राजीनामा जाहीरपणे मागणारे पहिले रिपब्लिकन सिनेटर तेच होते. त्याआधी, १९७२ मध्ये, मतदारांनी त्यांना ६० टक्क्यांहून जास्त मतांनी पुन्हा निवडून दिले होते.

पक्षाविरुद्ध मत देणे एक वेळ सोपे, आपल्या मतदारांविरुद्ध देणे कठीण. ती वेळही आली. जून १९७४ मध्ये बॉस्टनच्या एका केंद्रीय न्यायाधीशाने शहरातील शाळा जाणूनबुजून वंशावर विभागलेल्या आहेत असा निर्णय दिला आणि मुलांची बसने अदलाबदल करून शाळा एकत्र करण्याचा आदेश दिला. शहरातील गोऱ्या वस्त्या खवळल्या. कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले. हे ब्रुक यांच्या स्वतःच्या राज्यात घडत होते, त्यांना मते देणाऱ्यांपैकी अनेकांच्या दारात.

सप्टेंबर १९७५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेटर जेसी हेल्म्स यांनी एक दुरुस्ती आणली. शाळांतील विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची वंशवार आकडेवारी गोळा करण्यासच केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक खात्याला मनाई करावी, अशी ती होती. आकडे मोजूच नका म्हणजे भेद सिद्धच होणार नाही. जातवार जनगणनेचा वाद ऐकलेल्या वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल. ब्रुक यांनी ती बाजूला सारण्याचा ठराव मांडला आणि ४८ विरुद्ध ४३ मतांनी जिंकला. लगेच डेलावेअरचे तरुण डेमोक्रॅट सिनेटर, पुढे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले जो बायडेन यांनी दुसरी, दिसायला सौम्य दुरुस्ती आणली. वंश पाहून विद्यार्थ्यांची किंवा शिक्षकांची नेमणूक करण्याची सक्ती शाळांवर करण्यासाठी केंद्राचा पैसा वापरू नये, अशी ती होती. ब्रुक यांनी तिलाही विरोध केला, पण ती ५० विरुद्ध ४३ मतांनी मंजूर झाली. त्या सभागृहात त्या दिवशी कृष्णवर्णीय सभासद एकच होता. त्याच्या बाजूने आणखी ४२ जण उभे राहिले आणि नागरी हक्कांचे मित्र म्हणविणारे काही जण पलीकडे गेले. मित्र कोण, हे अशा नोंदीतून कळते.

१९७७ मध्ये गरीब स्त्रियांच्या गर्भपाताचा खर्च सरकारी वैद्यकीय योजनेतून देण्यावर बंदी आणली गेली तेव्हाही ते बंदीविरुद्ध झगडले. मॅसॅच्युसेट्स हे कॅथलिकांची मोठी वस्ती असलेले राज्य, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भूमिकेची किंमत कळते.

१९७८ मध्ये ते पॉल साँगस यांच्याकडून पराभूत झाले. कारणे एकात एक गुंतलेली होती. पक्षातल्या उजव्या गटाने प्राथमिक निवडणुकीत त्यांना चांगलेच झुंजविले होते. त्यात त्यांच्या घटस्फोटाच्या खटल्यात एका कर्जाविषयी शपथेवर चुकीचे विधान केल्याचे त्यांना मान्य करावे लागले आणि त्यांच्या प्रतिमेला तडा गेला. हे लपविण्याचे कारण नाही. नोंद वाचायची तर पूर्ण वाचली पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा आपल्याकडे एक सोयीस्कर उपयोग होऊ शकतो, म्हणून इथेच थांबून सांगतो. ‘पाहा, राखीव जागेशिवाय, सत्त्याण्णव टक्के गोऱ्यांच्या राज्यातून माणूस निवडून आला. मग तुम्हाला राखीव जागा कशाला?’ असे कोणी म्हणेल. त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावे. ब्रुक यांच्यापूर्वी ८६ वर्षे कोणी नव्हते. १९७९ मध्ये ते गेल्यावर १९९३ मध्ये इलिनॉयच्या कॅरल मोझली ब्राउन येईपर्यंत पुन्हा चौदा वर्षे कोणी नव्हते. एका अपवादाने नियम बदलत नाही. लोकसभेत आज अनुसूचित जातींसाठी ८४ जागा राखीव आहेत म्हणूनच तिथे आपली माणसे दिसतात. राज्यसभेत अशी राखीव जागा नाही.

पण राखीव जागेने चेहरा पोचतो, मत पोचतेच असे नाही. याचाही पुरावा सिनेटच देते. ७ एप्रिल २०२२ रोजी केतांजी ब्राउन जॅक्सन या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीशाच्या नेमणुकीवर मतदान झाले. ५३ विरुद्ध ४७. न्यू जर्सीचे कोरी बुकर यांनी बाजूने मत दिले, साउथ कॅरोलिनाचे टिम स्कॉट यांनी विरोधात. दोघेही कृष्णवर्णीय. कोण बरोबर यावर वाद घालता येईल, पण तो वाद घालण्यासाठी लागणारी वस्तू, म्हणजे नावानिशी मत, तिथे सर्वांसमोर आहे.

आपल्याकडे ती वस्तूच बहुधा नसते. अमेरिकेच्या घटनेत १७८७ पासून लिहिलेले आहे की हजर सभासदांपैकी एक-पंचमांशांनी मागितले तर प्रत्येकाचे मत नोंदलेच पाहिजे. आपल्या संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चा आवाज मोठा, म्हणून मंजूर. त्या आवाजात कोणाचा गळा होता हे इतिहासाला कळत नाही. सभासदांनी आग्रह धरला तरच मतविभागणी होते आणि नावे नोंदली जातात.

दुसरी अडचण त्याहून मोठी. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, त्याला आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. ‘आयाराम-गयाराम’ची बाजारू प्रथा मोडण्यासाठी तो आला आणि ती प्रथा घाणेरडीच होती. पण त्यात अशीही तरतूद आहे की पक्षाने आदेश काढल्यावर त्याविरुद्ध मत दिले किंवा परवानगीशिवाय मतदान टाळले आणि पक्षाने ते माफ केले नाही, तर सभासदत्व जाऊ शकते. कार्सवेल यांच्याविरुद्ध ब्रुक यांनी दिले तसे मत आपल्या राखीव जागेवरील खासदाराने पक्षादेश धुडकावून दिले, तर त्याची खासदारकी धोक्यात येते. त्याचा कणा ताठ आहे की वाकलेला, हे तपासण्याची संधीच कायदा आपल्याला देत नाही.

तिसरी गोष्ट उमेदवारीची. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण त्यातील एक कलम आपल्या विस्मरणात गेले आहे. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार जणांची निवड करायची आणि मग त्या चौघांतून सर्वांनी एक निवडायचा, अशी ती योजना होती. १९३७ आणि १९४६ च्या निवडणुकांत ती अमलात होती. आजच्या राज्यघटनेत ती नाही. उमेदवार आता पक्ष ठरवितात. करार झाल्यापासून बरोबर ५० वर्षांनी, १९८२ मध्ये, कांशीराम यांनी ‘चमचा युग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले ते याच दुखण्यावर बोट ठेवून. मात्र चमचेगिरी हा केवळ स्वभावदोष मानला तर आपण शिव्या देऊन मोकळे होतो. तिकीट वरून मिळते, मत आदेशाने पडते आणि नोंद आवाजात विरते. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे चांगला माणूसही हळूहळू गप्प होतो.

मग कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी काय करावे? माझ्या मते तीन मागण्या आपल्या जाहीरनाम्यात यायला हव्यात. अनुसूचित जाती-जमातींच्या हक्कांशी संबंधित प्रत्येक विधेयकावर मतविभागणी आणि नावांची नोंद व्हावी. पक्षादेशाचे बंधन सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरते ठेवावे. राखीव जागेचा उमेदवार ठरविण्यात त्या समाजाच्या मतदारांना पुन्हा वाटा मिळावा.

या मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवरही काही काम हातात आहे. संसदेतील आणि विधिमंडळातील चर्चेचे वृत्तांत छापले जातात. आपल्या जिल्ह्यातील राखीव जागेवरच्या प्रतिनिधीने वर्षभरात किती प्रश्न विचारले, त्यांतले शिष्यवृत्ती, वसतिगृह, गायरान, अत्याचार यांवर किती, अंदाजपत्रकातील अनुसूचित जातींच्या तरतुदी कापल्या गेल्या तेव्हा तो उठला की नाही, हे सारे त्यांत सापडते. एका महाविद्यालयातील चार-पाच विद्यार्थ्यांनी एका प्रतिनिधीची पाच वर्षांची नोंद काढायची म्हटली तर एका सुट्टीत ती निघेल. ती नोंद छापावी, त्याला स्वतःलाही पाठवावी आणि पुढच्या निवडणुकीत तो मते मागायला वस्तीत येईल तेव्हा त्याच्यासमोर वाचून दाखवावी. त्याच्या बाजूने जे असेल तेही तितक्याच मोठ्याने वाचावे.